जावयाची मोटारसायकल

४ फेब्रुवारी

आदरणीय व्याहीबुवा,

सप्रेम नमस्कार. 'सप्रेम' हा शब्द माझ्या पत्नीने घालायला लावला आहे. तिच्यापुरता तो खरा आहे असं समजा.

रविवारी फोनवर आपलं जे झालं, त्यानंतर तुमच्या आणि आमच्या घरी एकच ठराव पास झाला, हे तुम्हाला कळलंच असेल. दोघी विहिणींचं म्हणणं असं, की फोनवर आपले आवाज चढतात, शेजारचे खिडक्या उघडतात आणि पोरांना विनाकारण मनस्ताप होतो. तेव्हा यापुढे मोटारसायकल या विषयावर आपण दोघांनी फक्त पत्राने बोलायचं, आणि पत्र पाकिटात जाण्याआधी ज्याच्या त्याच्या बायकोने वाचायचं. मी कित्येक वर्षांत औषधांच्या नावांपलीकडे काही लिहिलेलं नाही. अक्षर लागलं नाही तर जवळच्या औषधवाल्याला दाखवा, तो वाचून देईल.

मुद्दा असा. माझी मुलगी आणि तुमचे चिरंजीव लग्नानंतर माझ्याच शहरात राहिले, याचा मला आनंद आहे. तुमचं मोटारसायकलींचं दुकान आहे, त्याबद्दलही तक्रार नाही. पण मी हाडांचा डॉक्टर आहे हो. तुम्ही विकता ते शेवटी माझ्याकडे दुरुस्तीला येतं. असं असताना तुम्ही लग्नाच्या वाढदिवसाला मुलाला मोटारसायकल पाठवलीत. तीही लाल. तीही मला न विचारता.

माझ्या वॉर्डातल्या माणसांची भाषा मला पाठ झाली आहे. 'इथल्या इथेच जात होतो' हे त्यांचं पहिलं वाक्य. लांबच्या गावाला निघालेला माणूस बूट घालतो, हेल्मेट घालतो, टायरमधली हवा बघतो. कोपऱ्यावर ब्रेड आणायला निघालेला चपला घालतो आणि हेल्मेट कोपरात अडकवतो. त्यामुळे माझ्याकडे कोपरं शाबूत असलेली माणसं फार येतात.

दुसरं वाक्य त्यांचं नसतं, कारवाल्याचं असतं. बिचारा हात चोळत बाहेर उभा असतो आणि म्हणतो, 'डॉक्टर, खरं सांगतो, दिसलाच नाही!' तो खोटं बोलत नाही. चौकात आडवं वळताना तो समोरून येणारी बस बघतो, ट्रक बघतो. मग रस्ता मोकळा आहे असं समजून वळतो. तो मोकळा रस्ता म्हणजे मोटारसायकलवाला असतो.

आता त्या मोकळ्या रस्त्याच्या मागच्या सीटवर माझी एकुलती एक मुलगी बसते. आपण चिरंजीवांना सांगून गाडी परत मागवावी. मी सांगितलं तर ते नुसते हसून 'हो बाबा' म्हणतात.

आपला,
व्याही

ता. क. : हे पत्र मी आधी दोनदा नापास केलं होतं. यात बरंच सौम्य झालंय. तुमची तब्येत कशी आहे? – विहीण


१२ फेब्रुवारी

डॉक्टरसाहेबांना सप्रेम नमस्कार. माझा 'सप्रेम' माझ्याच पदरचा आहे.

पत्र पोचलं. औषधवाल्याकडे नेलं. त्याने ते वाचून दाखवलं आणि वर खोकल्याची बाटली दिली.

साहेब, तुम्ही फक्त पडलेली माणसं बघता. दिवसभर भजी तळणाऱ्याला, नाही, ते राहू द्या, साधं सांगतो. माझ्या दुकानातून इतकी वर्षं गाड्या गेल्या, त्या चालवणारे किती जण धडधाकट कामाला जातात, पोरांना शाळेत सोडतात. ते तुमच्याकडे कशाला येतील? 'डॉक्टर, आज मी पडलो नाही' असं सांगायला कोणी येत नाही.

गाडी आपणहून कोणाला धडकत नाही. माझ्याकडे गिऱ्हाईक येतं ते रंग विचारतं, मायलेज विचारतं, किती पळते ते विचारतं. किती लवकर थांबते, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. निम्म्या लोकांना पुढचा ब्रेक म्हणजे शोभेची वस्तू वाटते. तो दाबला तर गाडी डोक्यावरून उलटते असं कुठल्यातरी मित्राने सांगितलेलं असतं. मग हे नुसता मागचा तुडवतात, गाडी घसरते आणि स्वारी तुमच्या दारात. त्याहून मला भीती जुन्या खेळाडूंची. कॉलेजात गाडी उडवलेली असते, मध्ये वीस वर्षं कारमध्ये बसून जातात, आणि मग अचानक हौस येते. पोट पुढे आणि आठवणी मागे. त्यांना मी आधी चहा पाजतो, मग हळूहळू लहान गाडीवर आणतो.

आमच्या चिरंजीवाचं तसं नाही. तो गाड्यांमध्येच वाढला. पाळण्यात रडायला लागला की मी दुकानात नेऊन एखादी गाडी सुरू करायचो, लगेच गप्प. रक्तातच आहे म्हणा ना. त्याच्या हातात गाडी म्हणजे माझ्याच हातात आहे असं समजा आणि निश्चिंत राहा.

गाडी लाल पाठवली ती मुद्दाम, लांबून दिसावी म्हणून.

आपला,
व्याही

ता. क. : आमच्या मुलाबद्दल यांनी जे लिहिलंय ते बापाच्या डोळ्यांनी लिहिलंय. मी यापेक्षा जास्त काही लिहीत नाही. माझे गुडघे बरे आहेत, डॉक्टरांना सांगा. – विहीण


२६ फेब्रुवारी

व्याहीबुवा, नमस्कार.

काल संध्याकाळी मी तुमची ती लाल गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर पाहिली. ऑफिसं सुटायची वेळ. सूर्य खाली आलेला, सगळ्यांच्या डोळ्यांवर ऊन. ज्याला त्याला घरी जायची घाई. माझ्याकडे सगळ्यात जास्त भरती होते ती याच वेळेची. मी कारमध्ये सिग्नलला थांबलो होतो. शेजारून हे दोघं गेले. दोघांची हेल्मेटं सारखी, दोघांची जाकिटं सारखी, कोण कोणतं काही कळू नये. ओळखलं ते गाडीच्या नंबरावरून.

खोटं कशाला बोलू, चालवणं नीट होतं. वळायच्या आधी पुढच्याने मान फिरवून मागे बघितलं, हात दाखवला, मग वळला. मी हॉर्न वाजवला. त्यासरशी पुढच्याने वेग वाढवला! आणि मागे बसलेल्या व्यक्तीने वळून मला चक्क हात जोडले. व्याहीबुवा, ज्या मुलीला मी खांद्यावर बसवून फिरवलं, तिने रस्त्यात बापाला परक्यासारखे हात जोडावेत? हा असला औपचारिकपणा आमच्या घरचा नाही.

गेल्या रविवारी दोघं जेवायला आले होते. मी जावईबापूंना सरळ विचारलं, "वळणावर नेमकं काय करता तुम्ही?" तर म्हणाले, "मी डोळे मिटून घेतो, बाबा."

हा माणूस चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासतो! मी घास हातात धरून बघतच राहिलो. तेवढ्यात टेबलाखाली काहीतरी झालं, जावईबापू कळवळले, आणि माझी मुलगी म्हणाली, "बाबा, तो गंमत करतोय." मला त्यात गंमत सापडलेली नाही. तुम्हाला सापडली तर कळवा.

आपला,
व्याही

ता. क. : मला सापडली. पण मी सांगणार नाही. – विहीण


७ मार्च

डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार.

पत्र वाचून खूप हसलो. म्हणजे सुरुवातीला हसलो. आमच्या घराण्यात विनोदाची पद्धत जरा अशीच आहे. तुम्ही मनावर घेऊ नका आणि पोराला पुन्हा तो प्रश्न विचारू नका. लाजाळू आहे तो.

हात जोडण्याचं म्हणाल, तर सूनबाई तुम्हाला मानते, त्यात वाईट काय? वेग वाढवला तो तुमच्या हॉर्नमुळे. साहेब, मागून हॉर्न वाजला की चालवणारा दचकतो. पुढच्या वेळी वाजवू नका, एवढं माझं ऐका. हे मात्र मी विनोदाने लिहीत नाही.

एक विचारू का? तुम्ही आयुष्यात कधी मोटारसायकलवर बसलात का? पुढे नाही म्हणत मी, मागे तरी? नसाल बसलात, तर एकदा बसा. मग पुढचं भांडू. भांडायलाही जरा मजा येईल.

आपला,
व्याही

ता. क. : यांनी हे पत्र लिहिताना चार वेळा पाणी प्यायलं. – विहीण


१९ मार्च

व्याहीबुवा,

दोघंही ठीक आहेत. परवा फोनवर हे तुम्हाला कळलंच आहे, तरी पत्रातही तेच आधी लिहितो.

मी ओपीडीत होतो. अपघात विभागातून निरोप आला, मोटारसायकल, दोघं जण, एक पुरुष, एक बाई. असे निरोप मला रोज येतात. मी हातातला पेशंट संपवून, हात धुऊन, नेहमीच्या चालीने खाली गेलो. पडद्याखालून स्ट्रेचरच्या शेजारी ठेवलेले बूट दिसले. निळे, पांढऱ्या नाडीचे. ते तिच्या आईने तिला आणले होते तेव्हा मीच दुकानाबाहेर गाडी लावून बसलो होतो. त्यानंतर पडद्यापर्यंत कसा गेलो ते मला सांगता येणार नाही. तिथल्या सिस्टरने मला खुर्ची दिली म्हणे. मी ती ढकलून दिली म्हणे.

पडदा सारला तर माझी मुलगी उठून बसलेली. हातात हेल्मेट, त्याची हनुवटीची बाजू पार खरवडून निघालेली. ती बाजू तिची असती तर, असा विचार मी केला आणि लगेच थांबवला. दोन्ही मनगटं सुजलेली, गुडघे खरचटलेले. मला म्हणाली, "बाबा, आधी त्याला बघा."

जावईबापूंचं कॉलरबोन मोडलं आहे. सरळ मोडलंय, ऑपरेशन नको, झोळीत हात ठेवून सांधेल.

झालं ते असं. नेहमीचा चौक, नेहमीची वेळ, समोरून येणारी कार आडवी वळली. कारवाला बाहेर उभा होता. हात चोळत होता. मला म्हणाला, "डॉक्टर, दिसलेच नाहीत हो." मी त्याला काहीही बोललो नाही. जे बोलायचं होतं ते सगळं जावईबापूंना बोललो. खांद्याला पट्टा बांधता बांधता बोललो. तुमचं लक्ष कुठे होतं, डोळे मिटले होते का, माझ्या मुलीला काही झालं असतं तर कोणत्या तोंडाने समोर आला असतात. ते वेदनेने घामाघूम झालेले, पण प्रत्येक वाक्याला एकच उत्तर, "हो बाबा. चुकलं बाबा." मुलगी मधे बोलायला लागली तर त्यांनीच तिचा हात दाबून तिला गप्प केलं. निदान लाज तरी आहे, एवढंच माझ्या मनात आलं.

गाडी पोलीस चौकीत उभी आहे. ती परत येणार नाही, हे मी गृहीत धरतो.

व्याही

ता. क. : विहीणबाई, काळजी करू नका. जावई माझ्याकडेच आहे, दोन वेळा गरम जेवतोय. तो फार गुणी आहे हो तुमचा मुलगा. यांना अजून माहीत नाही किती. – विहीण


२४ मार्च

डॉक्टरसाहेब,

काय लिहू? पोराच्या खांद्याला पट्टा तुम्ही तुमच्या हाताने बांधलात. तुम्ही बोललात ते बरोबरच बोललात. चूक चिरंजीवाचीच आहे असं दिसतं. म्हणजे, तुम्ही लिहिलंय त्यावरून तसं दिसतं, असं मी म्हणतो.

एक विचारायचं होतं. राग मानू नका. गाडी आडवी घसरत गेली, की सरळ रेषेत थांबत थांबत जाऊन धडकली? आणि रस्त्यावर पुढच्या चाकाची खूण होती का? पोलिसांना विचारून कळवाल का? दुकान सोडून लगेच निघता येत नाही, पण पुढच्या महिन्यात आम्ही दोघं येतोच आहोत.

सूनबाईच्या मनगटांना जपा. तिचे हात फार चांगले आहेत.

आपला,
व्याही

ता. क. : मला याखाली खूप काही लिहायचं होतं. यांनी पाकीट आधीच बंद केलं, म्हणून बाहेरच्या बाजूला लिहितेय. पोस्टमनदादा, तुम्ही वाचू नका. – विहीण


३० मार्च

व्याहीबुवा,

हे पत्र कोणत्या सुरात लिहावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. जे झालं ते सांगतो, सूर तुम्ही लावा.

दर गुरुवारी मी शिकाऊ डॉक्टरांना एक विषय शिकवतो. या गुरुवारी मी घरचंच उदाहरण घेतलं. दोन्ही एक्स-रे मागे दिवा असलेल्या फळीवर लावले आणि सांगितलं, "नीट बघा. मोटारसायकल समोरून धडकली की पुढे बसलेल्याच्या आणि मागे बसलेल्याच्या जखमा वेगळ्या असतात. पुढचा शेवटच्या क्षणापर्यंत हँडल धरून असतो, म्हणून मनगटं दुखावतात. टाकीवर आपटून मांड्यांच्या आतल्या बाजू काळ्यानिळ्या होतात. मागच्याला धरायला काही नसतं. तो बाजूला फेकला जातो आणि खांद्यावर पडतो. पोलिसांनी काहीही लिहू दे, हाडं खरं सांगतात."

हे शेवटचं वाक्य मी दरवर्षी म्हणतो. त्यानंतर जरा थांबतो, मुलं ते लिहून घेतात.

या वेळी कोणी लिहिलं नाही. मागच्या रांगेतली एक मुलगी उठून हळूच म्हणाली, "सर, खांदा तुमच्या जावयांचा आहे ना?"

"हो."

"आणि मनगटं मॅडमची?"

"हो."

"मग सर..." एवढं बोलून ती खाली बसली. मी फळीकडे वळलो. एक्स-रे बघितले. मग म्हणालो, "आजचा तास इथेच संपवू."

घरी आलो. मुलगी गॅलरीत कपडे वाळत घालत होती, मनगटांना पट्ट्या बांधून. मी विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

"मी."

"रोज?"

"रोज. त्याला जमत नाही बाबा. गाडी सुरू झाली की त्याच्या पोटात गोळा येतो. मला माझ्या नकाशांच्या ऑफिसात जायचं तर दोन बस बदलाव्या लागतात, म्हणून मी शिकले. जाताना त्याला दुकानाशी सोडते, येताना घेऊन येते."

"आणि मला हे सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही मला विचारलंतच नाही. तुम्ही प्रत्येक वेळी त्यालाच विचारत होता."

जावईबापू आत झोळीत हात घालून बसले होते. मी त्यांना म्हटलं, "अहो, मी एवढं बोललो, तुम्ही ऐकून का घेतलंत?" तर म्हणाले, "तिला खूप लागलं होतं बाबा. त्यात तुमचं बोलणं कशाला." सिग्नलला हात जोडणारे ते होते, हेही आता उलगडलं. 'हॉर्न वाजवू नका' म्हणून जोडले होते.

पोलिसांना विचारलं. दोन्ही चाकांच्या खुणा आहेत, सरळ रेषेत, आणि गाडी धडकेआधी जवळजवळ थांबली होती. हवालदार म्हणाला, "चालवणारा पक्का होता म्हणून वाचले."

आता मला तुमच्याकडून एकाच प्रश्नाचं उत्तर हवं आहे. तिला शिकवलं कोणी?

व्याही


४ एप्रिल

डॉक्टरसाहेब, हात जोडून नमस्कार.

मी.

लग्नानंतर दोघं आमच्याकडे राहायला आले होते ना, तेव्हा. चिरंजीवाला शिकवायचा मी त्याच्या कॉलेजपासून प्रयत्न केला होता. तो गाडी सुरू करायचा आणि डोळे मिटायचा. गावात माझं नाव काय, दुकानावर पाटी काय, आणि पोराला गाडी येत नाही! लोकांना सांगायची सोय नव्हती. सूनबाई एक दिवस दुकानामागच्या पटांगणात आली आणि म्हणाली, "बाबा, मला दाखवा." तिने पहिल्यांदा 'बाबा' म्हटलं ते त्या पटांगणात.

मी तिला चालवायला नंतर शिकवलं. आधी थांबायला शिकवलं. दोन्ही ब्रेक एकदम, पुढचा हळूहळू आवळत. वाळू टाकून, पाणी टाकून, पुन्हा पुन्हा. ती पडायची, उठायची, गुडघे झटकायची. मी इतक्या लोकांना गाड्या विकल्या, पण इतकं नीट शिकणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही. तुम्हाला सांगायचं धाडस नव्हतं. तुम्ही रागावाल ही भीती होती. त्याहून जास्त, माझ्या मुलाला येत नाही हे कळेल ही होती.

आता जे बोलायचं ते बोला. आम्ही शनिवारी येतोय.

आपला,
व्याही

ता. क. : अखेर लिहिलं एकदाचं! मी यांच्यासमोर खुर्ची टाकून बसले होते, म्हणून लिहिलं. – विहीण


२३ एप्रिल

डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार.

सुखरूप पोचलो. तुमच्या घरी आठवडाभर राहिलो, तुम्ही मला एक शब्द टाकून बोलला नाहीत. त्यामुळे मीच अवघडून गेलो आणि जे सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून लिहितो.

तुम्ही मला एके दिवशी वॉर्डात बसवून राउंडला गेलात. मी बाकावर बसलो होतो. शेजारच्या खाटेवर एक गृहस्थ, पाय वर टांगलेला. सवयीने विचारलं, कोणती गाडी? त्याने सांगितली. मी म्हटलं, वा, मायलेज काय देते? तोही खुशीत आला. आमच्या छान गप्पा रंगल्या. पाय टांगलेल्या माणसाला मी नवं मॉडेल जवळजवळ विकलंच होतं.

मग खिडकीजवळच्या खाटेवरच्या तरुणाने मला हाक मारली. "काका, तुमचं गाड्यांचं दुकान आहे ना?" म्हटलं हो. त्याच्या अंगावर चादर होती आणि एका बाजूला ती गुडघ्याच्या खाली सपाट होती. तो म्हणाला, "असा पाय असला तर चालवता येईल अशी गाडी मिळते का?"

साहेब, आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या प्रत्येक प्रश्नाला माझं उत्तर तयार असतं. आहे, मिळेल, मागवून देतो. त्या पोरापुढे त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं. त्याची आई डबा उघडत होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. मी त्याच्या खाटेवर टेकलो आणि काय झालं ते विचारलं. तो म्हणाला, नवी गाडी, पहिलाच महिना, वळणावर वाळू होती, घाबरून ब्रेक दाबला. मी विचारलं, कोणता? तो म्हणाला, "मागचा. पुढचा दाबायचा नसतो ना?"

त्याला गाडी देणाऱ्या दुकानदाराने हे सांगितलं नव्हतं. मीही कित्येकांना सांगितलेलं नाही. घाई असते, पुढचं गिऱ्हाईक उभं असतं, आपण किल्ली हातात देऊन हात मिळवतो आणि फोटो काढतो.

आल्या आल्या मी दुकानामागचं पटांगण झाडून घेतलं. आता माझ्याकडे नवी गाडी घेणाऱ्याने आधी तिथे मला थांबून दाखवायचं. हेल्मेटचा पट्टा लावून. जमेपर्यंत किल्ली नाही. काल एक तालेवार गिऱ्हाईक चिडून समोरच्या दुकानात गेलं. आमच्या दुकानातल्या माणसाचं तोंड पडलं. पण संध्याकाळी ते गृहस्थ परत आले. म्हणाले, बायकोने पाठवलंय, थांबायला शिकूनच ये म्हणाली.

त्या तरुणासाठी मी चौकशी लावली आहे. बदल करून तीन चाकांची गाडी मिळते. त्याला सांगा, मिळते.

सूनबाईची गाडी मी दुरुस्त करून ठेवून आलोय, तुम्हाला न विचारता. पुन्हा तेच केलं खरं. पण या वेळी तिला विचारलं होतं.

आपला,
व्याही


८ मे

प्रिय व्याहीबुवा,

सप्रेम नमस्कार.

तरुणाला सांगितलं. त्या दिवशी त्याने पहिल्यांदा व्यायाम करताना शिव्या दिल्या नाहीत. त्याची आई तुमचा पत्ता मागते आहे.

आता माझं. काल सकाळी आमची कार गॅरेजमध्ये होती. टॅक्सी मिळाली असती. पण मुलगी दारात गाडी सुरू करून उभी होती, मनगटं आता बरी आहेत, आणि म्हणाली, "चला, सोडते तुम्हाला हॉस्पिटलात." तिची आई खिडकीतून बघत होती. नाही म्हणायची सोय नव्हती. जावईबापूंनी मला आपलं हेल्मेट घातलं, पट्टा ओढून बघितला आणि हळूच सल्ला दिला, "बाबा, वळणावर डोळे मिटले की बरं वाटतं."

मी मिटले नाहीत. मिटायला हवे होते. व्याहीबुवा, इतक्या माणसांनी एका सकाळी माझ्याकडे इतकं दुर्लक्ष कधी केलेलं नाही. मी या शहरातला बऱ्यापैकी नावाजलेला माणूस आहे. पण प्रत्येक काचेमागे कोणी फोनमध्ये बघतंय, कोणी केस विंचरतंय, कोणी मागच्या पोरावर ओरडतंय. एकाने दार उघडलं ते थेट आमच्या अंगावर. माझ्या तोंडून जे निघालं ते मी वॉर्डात कधी उच्चारलेलं नाही. मुलगी मात्र त्या उभ्या गाड्यांपासून आधीच दूर सरकली होती. पुढे एक बस होती, तिच्या मागे चिकटून जायचं सोडून ही मागे राहिली. मी म्हटलं, "अगं, पुढे जा की." ती म्हणाली, "बसच्या पलीकडून कोण येतंय ते मला दिसत नाही, बाबा. आणि त्याला मी दिसत नाही."

मग तो चौक आला. तोच. समोर एक पांढरी कार वळायच्या तयारीत. माझ्या पोटात गोळा आला, जावईबापूंचं दुखणं मला त्या क्षणी समजलं. हिने वेग कमी केला, बोटं ब्रेकवर ठेवली आणि त्या कारवाल्याच्या डोळ्यांत बघत राहिली. तो बघेना. ही जवळजवळ थांबली. शेवटी त्याने पाहिलं, दचकला आणि हाताने 'जा' म्हणाला. मगच ही गेली. हे तिला तुम्ही शिकवलंत. मी तिला हाडांची नावं शिकवली होती, लहानपणी. दोनशे सहा. ती तिला अजून पाठ आहेत.

हॉस्पिटलच्या फाटकाशी गाडी थांबली. रखवालदाराने सलाम केला, मग मला ओळखून पुन्हा केला. माझे शिकाऊ डॉक्टर पायऱ्यांवर उभे होते, तेही बघत होते. मी काही उतरेना. मला वाटत होतं गाडी अजून चालूच आहे.

मुलगी थोडी मागे वळली आणि म्हणाली, "बाबा, सोडा आता. पोचलो आपण."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी दोन्ही हातांनी तिचं जाकीट घट्ट धरून बसलो होतो. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

ती गेली. वळायच्या आधी तिने मान फिरवून मागे बघितलं. मला वाटलं माझ्याकडे बघतेय, म्हणून मी हात हलवला. ती रस्ता बघत होती. बरं झालं.

आपला,
व्याही